दांतवण, चूळ आणि बाटली

इतिहासकार लढायांच्या तिथी ठरवितात, तहांचीं कलमें उतरून घेतात आणि राजांच्या वंशावळी जुळवितात. परंतु ज्यांनीं त्या लढाया मारल्या व ते तह केले, त्यांनीं त्या दिवशीं सकाळीं उठून तोंड कशानें धुतलें, हें सांगण्याची तसदी क्वचित् कोणी घेतो. विषय क्षुद्र वाटतो हें खरें. तथापि जी गोष्ट प्रत्येक मनुष्य रोज करतो, आणि जिच्याविषयीं एकाच घरांत आजी, आई व सून यांचीं तीन मतें असतात, ती इतिहासास अगदींच परकी मानणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. शिवाय या विषयाशीं आज पैशाचा, कचऱ्याचा आणि जिवाचाही संबंध जडला आहे; तो कसा, हें पुढें ओघानें येईल.

कळंब हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. चक्रावती नदीच्या कांठीं तें वसलें आहे आणि चिंतामणि गणपतीमुळें साऱ्या वऱ्हाडास ठाऊक आहे. संस्कृतांत जो कदंब, तोच मराठींत कळंब. गांवाचें नांवच वृक्षाचें. येथील देऊळ जमिनीच्या पातळीखालीं आहे; पायऱ्या उतरून गाभाऱ्याकडे जावें लागतें, व तेथें एक कुंड आहे. या कुंडाचें पाणी बारा वर्षांनीं चढतें आणि देवाच्या चरणांस स्पर्श करून ओसरतें, असें भाविक सांगतात. अशा या गांवच्या बाजारांतून एक चक्कर मारली, तर मुखशुद्धीच्या इतिहासाचीं सारीं प्रकरणें एकाच रस्त्यावर सांपडतात. कुंपणाशीं कडुनिंब व बाभूळ उभीं आहेत. किराणा दुकानांत लवंग, ओवा, तुरटी व त्रिफळाचूर्ण आहे. औषधांच्या दुकानांत निळ्या-हिरव्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या आहेत. आणि पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या पन्नींत घोटलेला खर्रा विकला जात आहे. यांतील कोणती वस्तु कोठून आली, आणि कोणतीनें कोणतीस मागें सारलें, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रारंभ अर्थात् वैद्यकग्रंथांपासून केला पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील पांचव्या अध्यायांत दिवसांतून दोन वेळां दांतवण करण्यास सांगितलें आहे. तें तुरट, तिखट किंवा कडू रसाचें असावें, त्याचें टोंक चावून मऊ करावें आणि हिरड्यांस इजा होऊं देऊं नये, असा तेथील उपदेश. करंज, कण्हेर, रुई, मालती, अर्जुन व असणा हीं झाडें त्या प्रसंगीं सांगितलीं आहेत. (यांपैकीं कण्हेर विषारी आहे व रुईचा चीक तोंड सोलवटणारा आहे, ग्रंथांत नांव आलें म्हणून आज कोणीं त्यांच्या वाटेस जाऊं नये.) सुश्रुतानें तर दांतवणाचें मापच दिलें आहे: लांबी बारा अंगुळें, जाडी करंगळीएवढी, काडी सरळ आणि गांठी नसलेली. कडू झाडांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मधुक आणि तिखटांत करंज हीं त्यानें श्रेष्ठ मानलीं.

तोंडांत द्रव धरण्याचे दोन प्रकारही सुश्रुतानें वेगळे काढले आहेत. तोंडांत सहज घोळवितां येईल इतका द्रव घेणें म्हणजे कवल. आणि घोळवितांच येऊं नये इतकें तोंड भरून तसेंच धरून बसणें म्हणजे गंडूष. हा गंडूष नाकाडोळ्यांतून पाणी वाहूं लागेपर्यंत धरावयाचा असतो. आमच्या मराठींत यांपैकीं पहिल्या क्रियेस चूळ भरणें अथवा गुळणी करणें म्हणतात; आणि दुसरीची आठवण एका वाक्प्रचारांत राहिली आहे. बोलावयाच्या वेळीं न बोलणाऱ्या माणसाविषयीं आपण ‘मिठाची गुळणी धरून बसला’ असें म्हणतों. ज्या समाजांत मिठाच्या पाण्याची गुळणी धरून बसलेला मनुष्य घरोघरीं रोज दिसत नव्हता, त्या समाजांत हा वाक्प्रचार जन्मास येणें कठीण होतें. वैद्यांच्या पोथ्या थोड्यांनीं वाचल्या, पण त्यांतील आचार भाषेनें सर्वांसाठीं जपून ठेवला.

धर्मशास्त्रकारांनीं या आचारास आणखी एक वळण दिलें. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या अशा कांहीं तिथींस काष्ठानें दांत घासूं नयेत, आणि त्या दिवशीं किंवा दांतवण मिळत नसेल तेव्हां पाण्याच्या बारा चुळा भरून मुखशुद्धि करावी, असा त्यांचा नियम आहे. त्यांच्या मनांत पुण्यापापाचा विचार होता; झाडाची काळजी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु परिणाम पाहिला, तर महिन्यांतील कित्येक दिवस झाडाच्या फांदीस विश्रांति मिळत होती, आणि ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्यालाही निव्वळ पाण्यानें शुद्ध होतां येत होतें.

आमच्या विदर्भापुरतें बोलावयाचें, तर मराठीचा आद्य गद्यग्रंथच या बाबतींत साक्ष देतो. म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपुरास संकलित केलेल्या लीळाचरित्रांत चक्रधरस्वामींच्या दिनक्रमाचें बारीकसारीक वर्णन आहे. भोजनानंतर चूळ भरण्यास तेथें ‘गुळळा’ हा शब्द येतो, आणि त्यामागून विडा येतो. आजची गुळणी ती हीच. पुढें समर्थ रामदासांनीं दासबोधांतील मूर्खलक्षणांत, ज्याचे दांत, डोळे, नाक, हात, वस्त्र आणि पाय सदा मळलेले असतात त्याची गणना मूर्खांत केली. त्यांनीं त्या यादींत दांतांस अग्रस्थान दिलें आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

काडीबरोबर घरोघरीं मंजनही होतें. गोंवरीची राखुंडी, भाताच्या तुसाची राख, लांकडी कोळशाची पूड, मीठ, तुरटीची लाही, बदामाच्या टरफलांचा कोळसा, अशी ही मालिका. परंतु याच मालिकेंत एक घातक वस्तु शिरली, तिचा विचार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. तंबाखू या देशाची नव्हे. ती पोर्तुगीजांमागून अमेरिकेंतून आली. सुमारें १६०४ सालीं अकबराचा वकील असदबेग यास ती विजापुरांत आढळली आणि त्यानें ती बादशहाच्या दरबारीं नेऊन दाखविली, ही हकीकत त्यानें स्वतःच लिहून ठेविली आहे. दक्षिणेंत तंबाखू अशी रुजल्यावर ती भाजून तिची मिश्री करण्याचा प्रघात पडला, आणि राखुंडीची जागा पुष्कळ घरांत मिश्रीनें घेतली. चरकानें मुखाच्या सुगंधासाठीं जायफळ, लवंग, कंकोळ, कापूर, वेलची, सुपारी व नागवेलीचें पान सांगितलें; त्यांत तंबाखू नव्हती, असणें शक्यच नव्हतें. तांबूल, मिश्री, गुटखा आणि आजचा खर्रा ही परंपरा जुनी दिसते खरी, परंतु तिचा अर्धा भाग परदेशी व विषारी आहे. सुपारीचा भाग आपला. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं सुपारीही कर्करोगास कारण होते, असा निर्णय प्रसिद्ध केला. तेव्हां ‘घरगुती’ किंवा ‘पूर्वापार’ या शब्दांनीं कोणतीही वस्तु आपोआप निर्दोष ठरत नाहीं. मिश्री घरींच भाजली जात असे.

आतां बाटलीकडे वळूं. हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा कापडव्यापारी लेव्हेनहूक यानें स्वतः घासलेल्या भिंगांतून आपल्या दांतांवरील कीट पाहिलें, आणि त्यांत वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव आढळल्याचें १६८३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस लिहून कळविलें. हा गृहस्थ मिठानें दांत घासून चुळा भरणारा होता. त्यानें तीव्र शिरक्यानेंही तोंड धुऊन पाहिलें. कीट काढून शिरक्यांत कालविलें तर ते जीव तत्काळ मरत. परंतु दांतांवर कीट तसेंच ठेवून नुसती शिरक्याची चूळ भरली तर आंतले जीव जिवंत राहत. या एका प्रयोगांत गुळणीची शक्ति व तिची मर्यादा दोन्ही प्रगट झालीं आहेत. पाणी कितीही औषधी असो, थराच्या आंत तें शिरत नाहीं. थर आधीं घासून काढावा लागतो. आमच्याकडे आधीं दांतवण आणि मागाहून चूळ हा क्रम होता, तो या दृष्टीनें अगदीं बरोबर होता.

यानंतर दोनशें वर्षांनीं व्यापार पुढें आला. १८७९ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई शहरीं डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनीं एक जंतुनाशक तयार केलें आणि शस्त्रक्रियेंतील जंतुनाशनाचे प्रवर्तक लिस्टर यांच्या नांवावरून त्यास लिस्टरीन हें नांव दिलें. तें प्रथम शस्त्रवैद्यांसाठीं होतें. १८९५ पासून दंतवैद्यांस विकलें जाऊं लागलें आणि १९१४ पासून कोणासही. जर्मनींत ड्रेस्डेन येथें लिंग्नर यांनीं १८९३ च्या सुमारास ओडोल बाजारांत आणलें व जाहिरातींच्या जोरावर अमाप संपत्ति मिळविली. लिस्टरीनच्या मालकांनीं १९२० नंतरच्या दशकांत ‘हॅलिटोसिस’ हा धूळ खात पडलेला वैद्यकी शब्द उचलला आणि तोंडाच्या वासानें लग्नें मोडतात, नोकऱ्या मिळत नाहींत, अशी भीति घरोघर पोंचविली. रोगाचें नांव आधीं गाजलें आणि बाटली त्याच्यामागून घरांत आली. यांतील मौज अशी कीं, लिस्टरीनचें एक मुख्य द्रव्य थायमॉल, म्हणजे आपल्या ओव्यांत असणारें सत्त्वच होय. ओवा आमच्या मसाल्याच्या डब्यांत होताच. तो बाटलींतून परत विकत घेण्याची आम्हांस लाज वाटली नाहीं.

हिंदुस्थानांत १९१६ सालीं स्थापन झालेल्या कलकत्ता केमिकल कंपनीनें निंबाचें टूथपेस्ट काढलें. १९३७ सालीं कोलगेट कंपनीची येथें नोंदणी झाली. आणि मूळ नागपुरांत किराणा दुकान चालविणाऱ्या केशव विष्णु पेंढरकर यांनीं १९५२ सालीं मुंबईंत विको कंपनी काढून वनस्पतींचें वज्रदंती मंजन विकण्यास आरंभ केला. त्यांचें मंजन औषध मानावें कीं प्रसाधन, या प्रश्नावरून सरकारच्या कराचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूनें लागला. मुखशुद्धि ही चिकित्सा कीं शोभा, हा प्रश्न जुन्या ग्रंथकारांस कधीं पडला नव्हता. तो दुकानाच्या फळीनें निर्माण केला.

याच सुमाराची एक गोष्ट आमच्या विषयाच्या मर्माशीं येऊन भिडते. १९३० सालीं येरवड्याच्या तुरुंगांत महात्मा गांधींजवळ काका कालेलकर होते. कालेलकर जन्मानें सातारचे, म्हणजे आपल्यांतलेच. गांधीजींसाठीं ते निंबाचें दांतवण करून देत. वापरून झाल्यावर तें टाकून द्यावें हा सर्वांचा रिवाज; परंतु गांधीजींनीं त्यांस सांगितलें कीं, चावलेलें टोंक तेवढें कापून टाका आणि काडी उद्यांसाठीं ठेवा. येथें रोज ताजें दांतवण हवें तितकें मिळतें, असें कालेलकर म्हणाले. तें मिळतें, परंतु तेवढ्यानें आपणांस तसें करण्याचा हक्क येत नाहीं. काडी वाळून निरुपयोगी होईपर्यंत ती टाकूं नये, असा गांधीजींचा आशय होता. ही आठवण कालेलकरांनीं स्वतः लिहिली आहे. पुढें १९३४ च्या अखेरीस वर्ध्यास ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्याच्या पाठीमागेंही हीच दृष्टि होती. वर्धा आम्हांस दूर नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत वर्धा-कळंब रेल्वेही सुरू झाली. त्याच वर्ध्याकडून आलेला हा एका काडीचा विचार मात्र औषधांच्या दुकानापर्यंत अद्याप पोंचलेला नाहीं.

बाटलीच्या कचऱ्याचें मूळ कशांत आहे, हें आम्हांस येथें थोडें उलगडून सांगावेंसें वाटतें. दांतवण आणि चूळ या क्रिया होत्या; ज्या वेळीं करावयाच्या त्या वेळीं त्यांचें साहित्य तयार होई आणि संपून जाई. काडी मातींत मिळे, पाणी झाडाच्या आळ्यांत जाई. या क्रियेचा जेव्हां माल झाला, तेव्हां तो कारखान्यांतून गुदामांत, गुदामांतून दुकानांत आणि दुकानांतून घरांत महिनेच्या महिने टिकणें भाग झालें. टिकण्यासाठीं त्यांत रसायनें आलीं. तेलें पाण्यांत विरघळावीं व मिश्रण नासूं नये म्हणून लिस्टरीनच्या मूळ पाकांत शेंकडा पंचवीसांहून अधिक अल्कोहोल होतें. डोळ्यांस गोड दिसावें म्हणून रंग आला. आणि हें सारें मावावें म्हणून प्लॅस्टिकची बाटली आली. यांतील बहुतेक खटाटोप तोंडासाठीं नसून प्रवासासाठीं आहे. जें सकाळीं करून सकाळींच वापरावयाचें, त्यास यांपैकीं कशाचीही गरज लागत नाहीं.

गृहिणींच्या सोयीसाठीं कृतीही थोडक्यांत देतों. पेलाभर, म्हणजे सुमारें २५० मिलिलिटर, कोमट पाण्यांत अर्धा लहान चमचा मीठ विरघळविलें कीं सर्वांत साधी गुळणी झाली. हिरड्या सुजल्या असतां किंवा दांत काढल्यानंतर दुसऱ्या दिवसापासून दंतवैद्यही हीच सांगतात. त्रिफळ्याचा काढा करावयाचा, तर एक लहान चमचा चूर्ण दोन पेले पाण्यांत मंद आंचेवर एक पेला होईपर्यंत आटवावें, धुतलेल्या फडक्यानें गाळावें व निवूं द्यावें. हिरडा, बेहडा व आंवळा यांच्या तुरटपणानें हिरड्यांस आंवळ येते. तोंडास वास असेल, तर अर्धा चमचा ओवा व दोन-तीन लवंगा पेलाभर पाण्यांत उकळाव्या. बाभळीच्या सालीचा काढाही त्रिफळ्याप्रमाणेंच होतो. मात्र साल खोडाभोंवतीं सगळीकडून सोलूं नये, नाहीं तर झाड वाळेल. तुरटी वापरल्यास हरभऱ्याच्या डाळीएवढी पेल्यास पुरे, आणि तीही रोज नको. कोणताही काढा त्याच दिवशीं संपवावा. त्यांत टिकाऊ द्रव्य नसल्यामुळें तो दुसऱ्या दिवशीं आंबतो. गुळणी थुंकून टाकावी, गिळूं नये, आणि सहा वर्षांखालील मुलांस देऊं नये. लिंबाच्या रसाची रोज चूळ भरण्याची नवी हौस निघाली आहे, ती वाईट; आम्लानें दांतांचें लुकण झिजतें. कोळशाच्या व विटकरीच्या जाड भुकटीनेंही तेंच होतें.

आतां जिवाचा संबंध राहिला. वरील गुळण्या स्वच्छतेस मदत करतात. त्या दांत घासण्याच्या जागीं चालत नाहींत, आणि रोग झाल्यावर तर मुळींच पुरत नाहींत. दोन बाबतींत आमच्या जिल्ह्यास हें विशेष सांगितलें पाहिजे. पहिली बाब पाण्याची. यवतमाळ जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांच्या भूगर्भजलांत फ्लोराइडचें प्रमाण मर्यादेपेक्षां अधिक आहे. ही मर्यादा लिटरास दीड मिलिग्रॅम आहे. असें पाणी ज्यांच्या पोटांत लहानपणीं, कायमचे दांत घडत असतां, जातें, त्यांच्या दांतांवर पांढरे, पिंवळे व तपकिरी पट्टे उमटतात. प्रमाण फार असेल तर पुढें हाडेंही आंखडतात. हिंदुस्थानांत हा विकार प्रथम १९३७ सालीं मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत वर्णिला गेला. ज्या मुलाचे दांत असे डागळलेले आहेत तें मूल आळशी किंवा घाणेरडें नाहीं. त्यास राखुंडीनें कितीही घासावयास लावलें, त्रिफळ्याच्या कितीही चुळा भरविल्या, तरी ते डाग जाणार नाहींत, कारण ते दांताच्या घडणींतच आहेत. तेथें इलाज विहिरीच्या पाण्याची परीक्षा आणि शुद्ध पाण्याची सोय हाच. रामदासांच्या मूर्खलक्षणाचा शिक्का अशा मुलावर मारणारा शिक्षक किंवा पालकच त्या यादींत जाऊन बसेल.

दुसरी बाब खर्ऱ्याची. केंद्र सरकारनें १९९२ सालीं टूथपेस्ट व मंजन यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी आणली. मिश्री व खर्रा मात्र घराघरांत आणि ठेल्याठेल्यांवर टिकून राहिले. खर्रा खाणाऱ्याच्या गालाची आंतील कातडी हळूहळू निबर होते, तोंड उघडेनासें होतें, तिखट सोसवत नाहीं. आणि मनुष्य काय करतो, तर ‘तोंड आलें आहे’ म्हणून हळदीच्या व मिठाच्या गुळण्या सुरू करतो. त्यांत महिने जातात. तोंडांतील जी जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नाहीं, जो पांढरा अथवा लाल चट्टा जात नाहीं, तो त्याच आठवड्यांत दंतवैद्यास दाखविला पाहिजे; नागपुरास १९६८ पासून सरकारी दंत महाविद्यालय आहे. आरंभींच ओळखलेला तोंडाचा कर्करोग पुष्कळदां बरा होतो. उशीर झालेल्याची गोष्ट निराळी. गुळणीवर विश्वास ठेवून गमावलेला वेळ कोणतीही गुळणी परत देत नाहीं.

म्हणून आमच्या वाचकांच्या घरीं कांहीं निश्चित होणार असेल, तर तें इतकें व्हावें. जेवणानंतर पाण्यानें खळखळून चूळ भरण्याची जुनी रीत मुलांस पुन्हां लावावी. दोन वेळां दांत नीट घासावे. गुळणी हवीच असेल तर ती मिठाची किंवा त्रिफळ्याची घरीं करावी आणि उरलेला चोथा तुळशीच्या किंवा जास्वंदीच्या मुळाशीं टाकावा. घरांत मिश्रीची डबी असेल तर ती मात्र झाडाच्या मुळाशींही नको. ती बंद व्हावी. पूर्वजांपासून आलेलें काय ठेवावें आणि काय टाकावें, याचा निवाडा घरांतील वडील माणसांनीं आतां जाणतेपणानें केला पाहिजे. तो दुकानदारावर सोंपवूं नये, आणि नुसत्या ‘आमच्याकडे असेंच चालत आलें आहे’ या वाक्यावरही सोंपवूं नये.